बाबांच्या टॅक्सीचं पोतं

आमच्या पडवीत कणगीच्या मागे एक गोणपाटाचं पोतं होतं, हलवायचं म्हटलं की दोन माणसं लागायची. आत बाबांच्या टॅक्सीचे जुने पार्ट. बाबांनी मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी चालवली आणि मेकॅनिकवर त्यांचा कणभर विश्वास नव्हता, त्यामुळे इंजिनकाम निघालं की जुना माल मोजून परत घ्यायचे, म्हणजे नवीन खरंच टाकलाय की नुसतं बिल लावलंय ते कळतं. मग खोलीवर ठेवायला जागा नाही म्हणून गणपतीला येताना तो माल देवगडला. एसटीचा कंडक्टर लगेज लावायचा, तेपण भरायचे.

मुंबईत २० वर्षांपेक्षा जुनी टॅक्सी चालवता येत नाही, त्या नियमात टॅक्सी भंगारात गेली, पोतं मात्र राहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याचं टीव्हीवर दाखवलं तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पडवीत पोतं उघडून बसलेत आणि एकेक वस्तू चटईवर मांडतायत. मी म्हटलं आता तरी भंगारवाल्याला देऊया, तर म्हणाले, "टाकू नको रे, कामाक येतला." मग म्हटलं ठीक आहे, कामाला आणूनच दाखवतो.

माल काय होता ते सांगतो. पिस्टन आठ, म्हणजे दोन कामांचे चार-चार, कारण पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन चार सिलिंडरचं. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, झिजला की तो बोरिंग मशीनवर मोठा करतात, त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसतात आणि जुना सेट बाद होतो. बाबा प्रत्येक पिस्टन हातात घेऊन सांगत होते, "हो दुसऱ्या कामातलो, परेलच्या गॅरेजातलो." मला दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय आठ वॉल (म्हणजे व्हॉल्व्ह), स्प्रिंगा, दोन टायमिंग चेन, पिस्टनला क्रँकशी जोडणारा एक कनेक्टिंग रॉड, दात झिजलेलं फ्लायव्हील म्हणजे इंजिनाचं जड चाक, आणि क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा. क्लचप्लेट आणि हेड गॅस्केटपण होती, ती मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लगेच बाजूला काढली. त्या काळच्या या वस्तूंमध्ये अॅसबेस्टॉस असायचं, त्याला घासकाम करायला जाऊ नका.

आता साफसफाई. यूट्यूबवर दहा मिनिटांत होतं, मला तीन आठवडे लागले. रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेल आणलं, घमेल्यात पार्ट भिजवले, ब्रशने घासले. पिस्टनच्या डोक्यावरचा काळा कार्बन मी पहिल्यांदा कोरडाच खरवडायला घेतला होता आणि मग आठवलं की हे पिस्टन जुने, देशभर बिनशिशाचं पेट्रोल झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये, म्हणजे या काजळीत शिसं असणार. तिथेच थांबलो. नंतर मास्क, हातमोजे, आणि सगळं डिझेलमध्ये ओलं ठेवूनच. आणि तेव्हाच ठरवलं की पिस्टनचं जे काही होईल ते स्वयंपाकघरात जाणार नाही. आईला वेगळं सांगावंच लागलं नाही, ती आधीच म्हणालेली, "माझ्या चुलीकडे हाडू नको ती घाण."

मग मी हुशारी केली. कार्बन लवकर निघत नाही म्हणून एक पिस्टन कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकला. पिस्टन अॅल्युमिनियमचा, हे मला माहीत होतं, कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो हेपण कधीतरी शाळेत शिकलो असणार, पण दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र आल्या नाहीत. बादली अशी फसफसायला लागली की मी मागे पळालो. त्यातून निघतो तो हायड्रोजन, नशीब की हे सगळं खळ्यात, म्हणजे अंगणात चाललं होतं, पडवीत नाही. काढला तेव्हा पिस्टन काळा पडलेला, रिंगांच्या खाचा कुरतडल्यासारख्या. बाबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि एवढंच म्हणाले, "पहिल्या कामातलो होतो." मला कसंतरीच झालं.

लोखंडाची गोष्ट वेगळी, तिथे भांडण गंजाशी. आमचं घर खाडीपासून चालत पाच मिनिटांवर, सायकलची चेनसुद्धा पंधरा दिवसांत लाल होते. आई पितळेची भांडी सोलांनी घासते म्हणून मी फ्रीजमधलं कोकमाचं आगळ वॉलवर चोळलं. निघाला की गंज, मस्त चकचकीत! सकाळी बघतो तर आधीपेक्षा लाल. आगळात भरपूर मीठ असतं हे मी विसरलो, म्हणजे आंबटाने गंज काढला आणि मिठाने परत आणला. शेवटी वाण्याकडून लिंबूसत्त्व आणलं, कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं आणि तिथल्या तिथे पुसून उन्हात तापवून तेल लावलं. यातली शेवटची पायरी चहा पिऊन करू म्हणाल तर गेलात. खरंच सांगतो, एक चहा होईपर्यंत वर पिवळसर साय येते.

वॉलची खुंटाळी सगळ्यात सोपी झाली. फणसाची जुनी फळी होती, तिला ड्रिलने आठ भोकं पाडली, वॉलच्या दांड्या आत घालून अॅराल्डाइटने बसवल्या, डोकी बाहेर. छत्रीची मूठ त्या टोपीवरून घसरत नाही. पावसाळा गेल्यावर बघितलं तर मोठ्या डोक्याचे चार, म्हणजे इनटेकचे (पेट्रोल-हवा आत घेणारे), गंजलेले आणि एक्झॉस्टचे (धूर बाहेर सोडणारे) जवळजवळ तसेच. एक्झॉस्टचा वॉल आगीत राहणारा, त्याचं पोलादच वेगळं असतं. आता ओले रेनकोट एक्झॉस्टला आणि कोरड्या टोप्या इनटेकला.

दिवा करायला वेळ लागला. पिस्टन खाली, त्यात गजनपिनने, म्हणजे पिस्टनमधल्या आडव्या पिनने, कनेक्टिंग रॉड उभा, वर मोठ्या डोळ्यात होल्डर. वायर कुठून न्यायची हा प्रश्न होता, तर रॉडला दोन्ही बाजूंनी खोबण असते, तिच्यात वायर अगदी बेतून दिल्यासारखी बसते. एक गोष्ट करा, सगळी बॉडी धातूची आहे तेव्हा थ्री पिन वापरा आणि अर्थिंगची वायर पिस्टनला स्क्रूने पक्की करा. इलेक्ट्रिशियन म्हणाला छोट्या एलईडीला कशाला हवं, मी म्हटलं पावसात आमच्या भिंतींना ओल येते, तू लाव.

फ्लायव्हीलचं घड्याळ करायचं होतं. मशीन मिळालं १२० रुपयांना, मागे प्लायची चकती लावून मधल्या भोकातून काटे बाहेर काढले, दिसायला एक नंबर. पण आमची भिंत जांभ्याच्या चिऱ्याची, वर मातीचा गिलावा. प्लग मारताना चिरा भुसभुशीत लागला तेव्हाच कळायला हवं होतं. रात्री दोनला आवाज झाला, मला वाटलं माड पडला. शहाबादी लादी दुभंगलेली आणि फ्लायव्हीलला ओरखडासुद्धा नाही, घड्याळ चालूच. तेव्हापासून ते जमिनीवर, भिंतीला टेकवून.

पण त्याचा गंज जाईना. क्लिअर लॅकर मारलं, दोन महिन्यांत खालून फोड आले. रेड ऑक्साइड मारून एनॅमल दिलं असतं पण मग ते कशाचंही वाटतं, मला लोखंड दिसायला हवं होतं. तेव्हा आई म्हणाली, "बीडच ना तां? घावण्याच्या तव्याक करतत तसा कर. तापय, तेल लाय, परत तापय." आणि बरोबरच आहे, फ्लायव्हील म्हणजे शेवटी बीडच, ओतीव लोखंड. मशीन काढलं, खळ्यात तीन चिरे मांडून चूल केली, सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, जाळ घातला आणि पातळ हाताने तेल लावून चार वेळा तापवलं. काळं कुळकुळीत झालं. मधे एक पूर्ण पावसाळा गेला, कडेला दातांमध्ये थोडा लाल ठिपका आहे, बाकी तवा.

टायमिंग चेनी दोन होत्या, त्या एकात एक गोल करून वेल्डरकडून टाके मारून घेतले, गरम टोप ठेवायला. ही एवढीच वस्तू आईने आत घेतली, कारण चेनीवर पिस्टनसारखी काजळी बसत नाही. पहिल्या दिवशी पेजेचा टोप ठेवला आणि घरभर गॅरेजचा वास! चेनीच्या रोलरमध्ये ऑइल मुरलेलं असतं, ते गरम झालं की बाहेर येतं. साबणाच्या पाण्यात तीनदा उकळली तेव्हा कुठे सुटली. बाबांना मात्र तो वास आवडला होता, दोन घास जास्त जेवले.

साफसफाईचं काळं डिझेल मी कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला दिलं, परसात ओतलं नाही, आमची विहीर तिथून वीस फुटांवर.

क्रँक तेवढा पोत्यात आहे. मी त्याचाही उभा दिवा करणार होतो, वेल्डरशी बोललोपण होतो, तर बाबा येऊन पोत्यावर हात ठेवून उभे राहिले. "त्येका कापू नको. ग्राइंड केलो तर अजून एक साइज निघतली त्येची."