पिवळं छत

४ जून

बेळगावात उद्यमबागेतल्या शेडात आज मामांच्या फियाटवरची लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडली. मेस्त्रींनी आधी खिशातलं लोहचुंबक काढून गाडीभर फिरवलं. मागच्या मडगार्डावर ते चिकटेचना, घसरून खाली पडायचं. तिथं बोटभर जाड लांबी निघाली आणि तिच्या आत, भोक बुजवायला कोंबलेले पेपरचे बोळे. दोन कन्नड, एक मराठी. मराठी बोळा उलगडून बघितला, तंबाखूचे दर होते.

कागदोपत्री गाडी पद्मिनी. १९७४ साली प्रीमिअरनं तिचं हे नाव ठेवलं, पण आमच्याकडं ती फियाटच. मामांनी खानापुरात ती जुनी घेतली आणि वरातीसाठी छत कापून ‘ओपन’ केली. मी तेव्हा पाचवीत. गॅस कटरनं चारी बाजूचे खांब कापले, छत उचलून बाजूला ठेवलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढं होतो. आता तिला परत छत चढवायला निघालोय. टाळ्यांचं हे लिहून ठेवतो, कारण गेले सहा महिने ‘ज्यानं कापलं त्याला अक्कल नव्हती’ असं मीच सगळ्यांना सांगत फिरलोय. मामांचं नाव न घेता, अर्थात.

६ जून

आजचा दिवस नुसता मापांत गेला. पण गाडी मला पहिल्यांदा कळली ती आज.

जुन्या जीपला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा असतो. छत काढा, दारं काढा, जीप जीपच राहते. फियाटला तशी चासी नाही. तळ, दाराखालचे बॉक्स, खांब आणि छत हे सगळं एकमेकांना धरून असतं, म्हणून ती उभी. बुटाच्या खोक्याला झाकण चिकटवून पिळून बघा, आणि मग झाकण काढून. कारखान्यातूनच उघड्या निघणाऱ्या गाड्यांना दाराखालचे बॉक्स जास्त भक्कम करतात, तळाला तिरक्या पट्ट्या मारतात. मामांच्या गाडीला यातलं काहीच नव्हतं, आणि मागच्या सीटवर उभी राहून नाचणारी चार पोरं होती.

टिळकवाडीत एकांकडं धडधाकट फियाट आहे. तिच्या दारांच्या चौकटींची तिरकी मापं परवा टेपनं घेऊन आलो होतो, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आमच्या गाडीत डावीकडं सोळा मिलिमीटरचा फरक निघाला, उजवीकडं नऊ. म्हणजे मधे बसली आहेच, शिवाय पीळही पडलाय.

मागची दोन्ही दारं मामांनी वेल्डिंग मारून कायमची बंद केली होती. मला सगळ्यांत जास्त राग त्याचाच. इतकं ओबडधोबड काम, वेल्डिंगचे गोळे बाहेर दिसतायत. मेस्त्रींना म्हटलं, पहिल्यांदा हे कापून टाका. ते हसले. “ते वेल्डिंग आहे म्हणून गाडी आहे, सर. नाहीतर मधे मोडून दोन तुकडे झाले असते.”

दार बंद झालं की तो नुसता पत्रा राहत नाही, बाजूची भिंत होते. भार घेते. मी गप्प बसलो.

११ जून

छत आलं, कुर्ल्याच्या भंगारातून. छतापेक्षा टेम्पोभाडं जास्त. मुंबईच्या टॅक्सीचं आहे, त्यामुळं पिवळं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. प्रीमिअरचा कारखानाही कुर्ल्यातच होता, म्हणजे हा पत्रा जिथं दाबला गेला तिथूनच निघून आला म्हणायचा. खांब मुद्दाम लांब ठेवून कापायला सांगितले होते, तेवढं भंगारवाल्यानं ऐकलं. कॅरिअरनं छताच्या कडेची पन्हाळी दोन ठिकाणी चेपलीय.

१७ जून

काम बंद. मेस्त्री पेरणीला गावी. पाऊस.

२३ जून

दाराखालच्या बॉक्सखाली जॅक लावून गाडी रोज थोडी थोडी उचलत होतो. एकदम उचलली तर पत्र्याला घड्या पडतात. मापं जुळल्यावर चौकटींत आडवे-तिरके लोखंडी अँगल टाके मारून ठेवले, आणि त्यानंतरच मागच्या दारांचं वेल्डिंग कापलं. आधी आधार, मग काप. मी मागं लागलो होतो तसं उलटं केलं असतं तर सगळंच हातचं गेलं असतं.

मग चौघांनी धरून छत वर ठेवलं. खांबांच्या पोकळीत जाड पत्र्याचे तुकडे आतून सरकवले, म्हणजे सांधा नुसत्या कडेवर राहत नाही. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. इथं एक टाका, मग पार पलीकडच्या खांबाला एक, मधे ओलं फडकं. तरी मागं एका जागी पत्रा ताणला, अंगठ्यानं दाबला की टक्‌ करून आत जायचा आणि परत बाहेर. तिथं रुपयाएवढी जागा लाल होईपर्यंत तापवायची, भोवतीनं हलके ठोके द्यायचे आणि लगेच ओलं फडकं दाबायचं. पत्रा आकसतो. तीनदा केल्यावर टक्‌ थांबलं. मी घड्याळ बघतोय म्हटल्यावर मेस्त्री म्हणाले, “गडबड माडब्याड्री.” घाई करू नका.

पुढची काच साचा म्हणून वापरली. काच खोटं बोलत नाही. चौकट चुकली असेल तर ती बसतच नाही, आणि जबरदस्ती केली तर फुटते. दुसऱ्या खेपेला बसली.

२८ जून

मामा आले, खानापूरहून एसटीनं. आईनं सांगितलं असणार. बराच वेळ लांबूनच बघत उभे राहिले. माझ्या पोटात गोळा, कारण माझे सहा महिन्यांचे उद्गार त्यांच्या कानावर गेले असणारच.

त्यांना विचारलं, मागची दारं वेल्डिंग का केली होती?

“आपोआप उघडायलीत म्हणून. एकदा करवलीच्या हातातला करा रस्त्यात पडला. मुलीकडची माणसं केवढी बोलली. दुसऱ्या दिवशी मारून टाकलं वेल्डिंग.”

“मग चढायचे कसे?”

“वरून. छत कुठं होतं?”

आरसीवर अजूनही ‘सलून’च, म्हणजे बंद छताची गाडी, लिहिलंय. कागदावर हिचं छत कधी उतरलंच नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, मूळ रचनेत फेरफार, हे सगळं मी त्यांना सांगायला लागलो होतो. त्यांनी मागचं दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मी कलम अर्धवट सोडलं.

२ जुलै

काचा रबरासकट बसवल्या, सांध्यांना रेड ऑक्साइड मारलं. सकाळपासून धो धो. पाण्याची वेगळी तपासणी कशाला, म्हणून गाडी ढकलून बाहेर पावसातच उभी केली. आत मेस्त्री, मी आणि मामा. मामा पुढं बसले होते, स्टिअरिंगवर हात ठेवून.

वीस मिनिटं काही नाही. मग मागच्या उजव्या कोपऱ्यात, पन्हाळीच्या सांध्याखाली एक थेंब धरला. मेस्त्रींनी खडूनं त्याभोवती गोल काढला. थोड्या वेळानं डाव्या खांबापाशी दुसरा.

“अजून एक हितं,” मामा म्हणाले आणि डोक्यावरचं पाणी पुसलं.