क्वीन मेरीवरच्या संध्याकाळी काय नेसावे, काय घालावे

न्यूयॉर्कला जाणाऱ्या क्वीन मेरी २ या प्रवासी जहाजावर चढण्यापूर्वी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर मोठ्या बॅगा हमालांच्या हवाली केल्या तेव्हा माझ्या अंगावर जीन आणि चौकड्यांचा शर्ट होता, आणि संध्याकाळी सहानंतर जेवणाच्या दालनात ज्या कपड्यांत जायचे तो कोट, ती पँट आणि ते बूट त्याच बॅगांच्या तळाशी होते. सुमारे २,७०० प्रवाशांचे सामान एकेका केबिनच्या दारापर्यंत पोहोचायला संध्याकाळ उलटून जाते, हे मी वाचलेले होते. सकाळी मुलाच्या घरून निघताना पत्नीने दोनदा विचारलेही होते की, रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत घेतलेत ना. आमची पंगत सहाची. त्यामुळे पहिल्या रात्री आम्ही ब्रिटानिया रेस्टॉरंटऐवजी किंग्ज कोर्ट या बुफेत जेवलो. जेवण चांगले होते, पण समोर बसलेली व्यक्ती जेवणभर माझ्याशी मोजकेच बोलली. मागून जाणाऱ्यांना पहिली सूचना म्हणून हीच सांगतो: पहिल्या संध्याकाळचा एक पोशाख, बुटांसकट, स्वतःच्या हातात ठेवावा, मग हमाल कितीही तत्पर दिसो.

क्वीन मेरी २ हे क्युनार्ड कंपनीचे ३४५ मीटर लांबीचे जहाज २००४ च्या जानेवारीत सेवेत आले आणि साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हे अंतर ते सात रात्रींत कापते. वाटेत एकही बंदर लागत नाही. उतरून बाजार पाहणे, देऊळ किंवा चर्च पाहणे, फोटो काढून परत येणे यांपैकी काहीच नसल्यामुळे संध्याकाळ हाच दिवसाचा मुख्य कार्यक्रम होऊन बसतो. शिवाय पश्चिमेकडे जाताना घड्याळ पाच रात्री एकेक तास मागे घ्यायचे असते, म्हणजे त्या दिवसांना पंचवीस तास मिळतात, आणि तो जादा तास आमच्या केबिनमध्ये तरी बहुतांशी आरशासमोर खर्च झाला.

नियम असा आहे. दिवसभर काय घालता याची कोणी चौकशी करत नाही. संध्याकाळी सहापासून मात्र नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो: पुरुषांना कॉलरचा शर्ट, चांगली पँट आणि वर ब्लेझर, टाय ऐच्छिक, स्त्रियांना झगा, स्कर्ट, चांगला ब्लाउज-पँट असे काहीही. फाटक्या जीन आणि अर्ध्या चड्ड्या चालत नाहीत. सात रात्रींपैकी दोन रात्री ‘गाला’ असतात, पहिली आणि शेवटची रात्र त्यातून मोकळी असते. गालाच्या रात्री पुरुषांनी काळे डिनर जॅकेट आणि बो घालावा, किंवा गडद सूट आणि टाय. स्त्रियांनी लांब झगा किंवा तोडीचे काही. त्याच यादीत स्कॉटिश किल्ट, लष्करी गणवेश आणि ‘राष्ट्रीय पोशाख’ हेही शब्द आहेत, आणि आपल्या दृष्टीने साऱ्या मजकुरातले महत्त्वाचे शब्द तेच. ज्यांना हा खटाटोप करायचाच नसेल त्यांच्यासाठी किंग्ज कोर्ट, गोल्डन लायन हा पब आणि कॅरिंथिया लाउंज मोकळे असतात. त्या रात्री ब्रिटानियात किंवा नाचाच्या क्वीन्स रूममध्ये मात्र साध्या कपड्यांत जाऊ नये.

इतका कडक संकेत पाळणारी जहाजे आता थोडी उरली आहेत. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ नावाखाली जेवणाच्या ठरावीक वेळा आणि सक्तीच्या औपचारिक रात्री दोन्ही सोडून दिल्या. सेलिब्रिटी क्रूझेसने २०१५ च्या डिसेंबरपासून औपचारिक रात्रीच्या जागी ‘इव्हनिंग शिक’ आणली, ज्यात चांगल्या जीनवर कोट घालून गेले तरी चालते. हॉलंड अमेरिकानेही त्याच वर्षी ‘फॉर्मल’ शब्द टाकून ‘गाला’ घेतला. वायकिंगच्या समुद्री जहाजांवर औपचारिक रात्रच नसते, आणि व्हर्जिनच्या जहाजांवर एका रात्री लाल रंग अंगावर असावा एवढीच अपेक्षा असते. ज्या पी अँड ओच्या बोटी एकेकाळी बॅलार्ड पिअरवरून विलायतेला सुटत, त्या नावाच्या आजच्या ब्रिटिश कंपनीनेही ‘ब्लॅक टाय’ रात्रीचे नामकरण ‘सेलिब्रेशन नाइट’ असे केले आहे. नाव मवाळ झाले की मागणीही मवाळ होते. हा बदल जाणूनबुजून केलेला आहे.

कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. २००८ पासून अमेरिकन विमान कंपन्या पहिल्या बॅगेचेही पैसे घेऊ लागल्यावर दोन रात्रींसाठी सूट आणि वेगळे बूट वाहून नेणे लोकांना जड वाटू लागले. कचेऱ्यांतूनच सूट गेला, तेव्हा तो सुट्टीवर कोण नेणार? आणि जहाजावर एकाच दालनात दोन पंगती बसत असत, तिथे आता आठ-दहा उपाहारगृहे आली. माझ्या समजुतीप्रमाणे खरा बदल इथेच झाला आहे: पूर्वी पोशाखाचा नियम जहाजाचा असे, आता तो दालनाचा झाला आहे. एकाच रात्री एका मजल्यावर बो लावलेली माणसे बसलेली असतात आणि दुसऱ्या मजल्यावर स्वेटर घातलेली, आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत असे वाटते. जहाजाचे एकच उत्तर शोधत बसणाऱ्यांचा गोंधळ होतो तो त्यामुळे.

हा गोंधळ नवा नाही, हे जाता जाता नोंदवतो. १८८८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून विलायतेला निघालेल्या तरुण गांधीजींनी बोटीवर काळा सूट वापरला आणि उतरताना घालायला पांढरा फ्लॅनेलचा सूट राखून ठेवला. सप्टेंबरअखेरच्या त्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांतले ते एकटेच होते. काटे-चमचे वापरता येत नाहीत आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर होत नाही, म्हणून ते जेवणाच्या टेबलावर न जाता केबिनमध्ये बरोबरची मिठाई आणि फळे खात. त्याच मार्गावर तांबड्या समुद्रातल्या उकाड्याने साहेबालाही नमते घ्यायला लावले होते: जॅकेट उतरवून नुसत्या पांढऱ्या शर्टावर आणि कमरपट्ट्यावर जेवायला बसण्याच्या त्या सवलतीला ‘रेड सी रिग’ असे नाव पडले. हवामानापुढे नियम वाकतो याचा पुरावा म्हणून मी हे उदाहरण पत्नीला सांगितले, तेव्हा तिने बाहेर उत्तर अटलांटिक आहे याची आठवण करून दिली.

आमची पहिली गाला रात्र ‘ब्लॅक अँड व्हाइट’ होती. ही नावे निघण्याआधीच कळतात, आणि त्या रंगांत जाणे सक्तीचे नसते, पण बहुतेक जण जातात. काळ्या-पांढऱ्या रात्रीसाठी काय न्यावे यावर आमच्या घरी पंधरा दिवस खल झाला, आणि शेवटी संक्रांतीखेरीज कपाटाबाहेर न निघणारी चंद्रकळा निघाली. काळी चंद्रकळा, गळ्यात तन्मणी, कानात कुड्या आणि नाकात मोत्यांची नथ: काळे आणि पांढरे, दोन्ही आपोआप जमून आले. केबिनपासून ब्रिटानियापर्यंतच्या त्या न संपणाऱ्या बोळातून आम्ही चाललो होतो तेव्हा समोरून येणाऱ्या तिघीजणी थांबल्या, आणि एकीने नथ टोचून बसवली आहे की चापाची, असे विचारले. चापाची आहे हे कळल्यावर तिला झालेला आनंद मला अजून उलगडलेला नाही. आमच्या टेबलावर यॉर्कशायरचे एक निवृत्त जोडपे होते. त्यातल्या गृहस्थांचे डिनर जॅकेट त्यांच्या वडिलांचे होते. अस्तर दोनदा बदललेले, कोपराशी किंचित चकाकी आलेली. दालनातला सर्वांत रुबाबदार कपडा तोच होता, असे माझे मत आहे.

पुरुषांनी बंदगळा न्यावा. मी तोच नेला होता, गडद निळा, आणि दोन्ही गाला रात्री तो चालला; टाय, बो, त्याला जुळणारा शर्ट या साऱ्यांची सुट्टी झाली. ब्लेझर म्हणून तोच कोट इतर रात्री वापरता येत नाही, म्हणून एक साधा ब्लेझर वेगळा लागतो, एवढाच काय तो तोटा. लग्नातली जरीची शेरवानी नियमात बसते, परंतु तीन तास बसून जेवायचे असते याचा विचार करावा. ‘राष्ट्रीय पोशाख’ याचा अर्थ समारंभाचा पोशाख असा आहे. घरात घालतो तो कुर्ता-पायजमा कितीही राष्ट्रीय असला तरी त्या रात्री तो उघडा पडतो. रेशमी कुर्त्यावर जाकीट असेल तर प्रश्न नाही. आम्हाला वाढणारा मुलगा मडगावचा होता. तिसऱ्या रात्री थोडी ओळख झाल्यावर तो कोकणी वळणाच्या मराठीत हळूच म्हणाला, “साहेब, कोटाकडे कोण बघत नाय. बूट बघतात.” त्यानंतर मी दालनभर नजर फिरवली आणि ते खरे होते: उत्तम सूटाखाली पांढऱ्या तळव्यांचे स्पोर्ट्स शूज घातलेली माणसे लगेच ओळखू येत होती. कोल्हापुरी नव्या आणि पॉलिश केलेल्या असतील तर बंदगळ्याखाली शोभतात, पण गुळगुळीत लाकडी जिन्यावर त्या घसरतात. मी बूट घातले आणि निश्चिंत राहिलो.

साडी नेणाऱ्यांसाठी इस्त्रीची गोष्ट आधी सांगायला हवी. केबिनमध्ये स्वतःची इस्त्री किंवा वाफेचे यंत्र वापरायला आगीच्या धोक्यामुळे कोणत्याही जहाजावर परवानगी नसते, आणि सामान तपासताना ते काढून घेतात. क्वीन मेरीवर प्रवाशांसाठी धुलाईच्या खोल्या आहेत आणि तिथे इस्त्र्या ठेवलेल्या असतात. गालाच्या दिवशी दुपारी चारनंतर तिथे रांग लागते, म्हणून सकाळच्या न्याहारीच्या वेळी जावे, कारण तेव्हा तिथे कोणी नसते. कडक खळीच्या सुती साड्या त्यामुळे घरीच ठेवाव्यात. पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळून, घडीत कागद घालून नेली तर हँगरवर एक रात्र टांगल्यावर नीट होते. परकर आणि ब्लाउज हातातल्या पिशवीत असावेत आणि सेफ्टी पिना हव्यात त्याच्या दुप्पट असाव्यात. निऱ्या थोड्या वर, बुटांच्या टाचेला लागणार नाहीत अशा घ्याव्यात. जहाज डुलले की पाऊल अनपेक्षित ठिकाणी पडते. आणि जेवण झाल्यावर डेकवर जायचा मोह आवरत नाही, तर खांद्यावर जाड शाल असू द्यावी, कारण दार उघडताच वारा पदर थेट डोक्यावर नेऊन ठेवतो. आमच्या बाबतीत त्याने तो एका अनोळखी गृहस्थांच्या डोक्यावर ठेवला. ते ‘सॉरी’ म्हणाले.

हे एवढे करायची हौस नसेल तर जहाज बदलावे, कुढत बसू नये. आरक्षणापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरचे नुसते रात्रीचे नाव वाचून थांबू नये. किती रात्री, कोणत्या दालनांत आणि न पाळल्यास जेवायला दुसरी जागा कोणती, हे तिन्ही प्रश्न विचारून घ्यावेत. ‘एलिगंट’, ‘शिक’, ‘ड्रेसी’ हे शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने वापरते आणि ते अधूनमधून बदलतात, त्यामुळे चार वर्षांपूर्वी गेलेल्या आप्तांचा सल्ला ग्राह्य धरू नये, माझाही नाही. ज्यांना नुसता अनुभव घ्यायचा आहे त्यांनी मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या एम्प्रेसवर गोव्याची फेरी करावी. हे जहाज १९९० चे आहे आणि पूर्वी ते रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होते. आता त्याच्यावर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब आपापल्या कपड्यांत जेवायला येते आणि कोणाला बोच लागून राहत नाही. भाड्याने डिनर जॅकेट देणाऱ्या सोयी काही जहाजांवर असतात, परंतु त्यात अंगाला नीट बसेल असे माप मिळत नाही असे मला वाटते, आणि भारतातून जाणाऱ्याने त्या वाटेला जाण्याचे कारणही नाही.

शेवटच्या रात्रीबद्दल एक सांगायचे राहिले. न्यूयॉर्कला उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा भरून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट ब्रुकलिनच्या धक्क्यावर परत भेटतात. सकाळी घालायचे कपडे बाजूला काढून ठेवावेत. पँट विसरणाऱ्यांच्या गोष्टी प्रत्येक जहाजावर सांगितल्या जातात. पँट मी ठेवली होती, स्वेटर विसरलो. पहाटे अंधारात जहाज व्हेराझानो पुलाखालून जाते ते पाहायला सगळे डेकवर आले तेव्हा थंडी बोचरी होती, आणि मी सदऱ्यावर तोच निळा बंदगळा चढवून उभा होतो. शेजारी पत्नी गाउनवर शाल गुंडाळून, आणि तिच्या पलीकडे आमचे यॉर्कशायरचे गृहस्थ: पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, पायात चपला आणि वर वडिलांचे ते डिनर जॅकेट, गळ्यापर्यंत कॉलर वर करून.