फिगर्सचा सराव, आठवडा 19: बॅक आउटसाइड एज आणि प्राग 1962

मागच्या नोंदीत आइस स्केटिंगच्या फिगर्समधला (बर्फावर ब्लेडने ठरावीक आकार गिरवणं) फॉरवर्ड आउटसाइडचा आठ, म्हणजे पुढे जात ब्लेडच्या बाहेरच्या कडेवर (एजवर) काढलेला आठचा आकडा, जमल्याचं लिहिलं होतं. त्यानंतरचे पाच आठवडे बॅक आउटसाइडवरच, म्हणजे त्याच कडेवर पाठमोरं जाण्यात, गेले. आज सकाळी पावणेसातला, नुकत्याच धुतलेल्या बर्फावर, उजव्या पायाच्या तिन्ही रेघा पहिल्यांदा एका वितीच्या आत बसल्या. पहिल्या आठवड्यात हेच अंतर हातभर होतं. डाव्या पायाच्या रेघा अजून दीड-दोन विती फाकतात.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. कोऱ्या बर्फावर एका पायाने एक आणि दुसऱ्या पायाने एक अशी दोन वर्तुळं काढून आठचा आकडा पुरा करायचा, आणि तोच आकडा न थांबता तीनदा गिरवायचा. वर्तुळाचा व्यास आपल्या उंचीच्या साधारण तिप्पट. माझी उंची 1.6 मीटर, म्हणजे वर्तुळ 4.8 मीटरचं. लहानपणी पुण्यात रोलरवर फिगर्स केल्या तेव्हा फरशीवर वर्तुळं रंगवलेली असायची, आपण फक्त रेघ धरून जायचं. इथे ओंटारिओत बर्फावर काहीच आखलेलं नसतं. वर्तुळ आधी अंगात असावं लागतं, मग ते बर्फावर उमटतं.

आज गुडघे टेकून, गाल बर्फाजवळ नेऊन रेघ पाहिली. ब्लेडला खाली दोन कडा असतात आणि मधे खोबण. अंग नीट कललेलं असेल तर एकच बारीक रेघ पडते, ताठ झालं की दोन समांतर रेघा. माझी रेघ पाऊण वर्तुळापर्यंत एकेरी आहे. पुढे, मध्यबिंदू (दोन्ही वर्तुळं जुळतात ती जागा) खांद्यावरून दिसायला लागतो तिथे, चार बोटं लांबीची जोडरेघ आहे. तिन्ही फेऱ्यांत त्याच जागी. म्हणजे मध्यबिंदू दिसला की मी त्याच्याकडे धावते आणि कलणं सोडून देते. त्या काळी परीक्षक असेच वाकून रेघा तपासायचे. अशी जोडरेघ त्यांच्या नजरेतून सुटली नसती.

मी फिगर्सकडे वळले ते 1962 च्या प्राग जागतिक स्पर्धेमुळे, हे इथे पूर्वी लिहिलंय. डोनाल्ड जॅक्सन, ओशावाचा मुलगा, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या गावचा. त्याने फ्री स्केटिंगमध्ये (उड्या-गिरक्यांच्या भागात) आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला पहिला ट्रिपल लुट्झ (हवेत तीन फेऱ्यांची उडी) मारला, सात परीक्षकांकडून 6.0, म्हणजे पैकीच्या पैकी गुण, घेतले आणि जागतिक विजेता होणारा पहिला कॅनेडियन पुरुष ठरला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मीही वर्षानुवर्षं एवढीच सांगत होते.

पण फिगर्स संपल्या तेव्हा आघाडीवर होता चेकोस्लोव्हाकियाचाच कारोल दिविन. 1958 आणि 1959 चा युरोपियन विजेता, 1960 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य, जॅक्सनच्या एक पायरी वर. आणि त्या वेळी एकूण गुणांत फिगर्सचा वाटा 60 टक्के होता, फ्री स्केटिंगचा 40. म्हणजे मोठा वाटा दिविनच्या बाजूने झुकलेला, तोही त्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. दिविनचं नाव लोक 'जॅक्सनने ज्याला हरवलं तो' एवढंच घेतात, याचं मला आता फार वाईट वाटतं. पाच आठवड्यांत मला एका पायावर एक वर्तुळ धड येत नाहीये. त्याने सगळ्या जगातल्या स्केटर्सपेक्षा स्वच्छ रेघा काढल्या आणि त्या रेघांचं एकही चित्र आपल्यासमोर नाही. जॅक्सनची उडी आजही कृष्णधवल चित्रफितीत बघता येते. दिविनची आघाडी त्याच दिवशी बर्फाबरोबर पुसली गेली.

लुट्झ म्हणजे तरी काय? ज्या एजवर मी अडकलेय, तीच बॅक आउटसाइड. स्केटर पाठमोरा लांब वळण घेत जातो आणि टोपिक (ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दाते) मारून त्या वळणाच्या उलट दिशेला फिरत उडतो. घाई केली की शेवटच्या क्षणी पाय आतल्या एजवर पडतो आणि उडी लुट्झ राहत नाही. जोडरेघ जिथे पडते ना, तीच ही घाई! एज धरून ठेवायची ताकद फिगर्समधूनच येते. म्हणून जॅक्सनचा विजय हा फिगर्सवर उड्यांचा विजय होता असं कोणी म्हटलं, तर मला पटत नाही.

या स्पर्धेबद्दल बोलताना आधीचं वर्ष टाळून पुढे जाता येत नाही. ती 1961 सालीच प्रागला व्हायची होती. 15 फेब्रुवारी 1961 ला ब्रसेल्सजवळ सबेना कंपनीचं बोइंग 707 कोसळलं, अमेरिकन संघातले 18 च्या 18 स्केटर गेले, आणि त्या वर्षीची स्पर्धा रद्द झाली. त्यात सोळा वर्षांची लॉरेन्स ओवेनही होती. वर्षभराने त्याच शहरात सगळे पुन्हा जमले. जोडी स्केटिंगचं सुवर्ण मिळालं मारिया आणि ओटो येलिनेक या भावंडांना, कॅनडाकडून, आणि तेही त्यांच्या जन्मगावी. साम्यवादी राजवट आल्यावर त्यांच्या कुटुंबाने ते गाव सोडलं होतं. आइस डान्स जिंकला एवा रोमानोवा आणि पावेल रोमान या चेक भावंडांनी, आणि महिलांमध्ये नेदरलँड्सची शाउक्ये डाइकस्ट्रा.

आता या आठवड्याच्या सरावाबद्दल. मोकळा पाय अर्ध्या वर्तुळाआधी मागे नेला की कंबर उघडते, हे नक्की झालं. तो अर्ध्यापर्यंत पुढेच ठेवायचा. मान वळवायची, पण खांदा तिच्यामागे जाऊ द्यायचा नाही. आज हे तीनदा जमलं, चौथ्यांदा नाही. पुढच्या रविवारी पूर्ण पाऊण तास फक्त डावा पाय.

क्वाडवर (चार चाकांच्या रोलर स्केट्सवर) बॅक आउटसाइड करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना एक विचारायचंय: मध्यबिंदू दिसल्यावर तुम्ही नजर कुठे ठेवता?