इटालियनमध्ये 'मला लागतं' म्हणायला शिकताना

शिकायला इटलीतल्या तोरीनोला आले तेव्हा गरज सांगायचं एकच वाक्य मला येत होतं: 'ओ बिझोन्यो दी...', म्हणजे 'मला अमक्याची गरज आहे'. वाक्य बरोबरच आहे. मदत हवी, डॉक्टर हवा, झोप हवी, तिथे तेच म्हणतात. पण काउंटरवर माझ्या पुढची माणसं वेगळंच काहीतरी बोलत होती.

तीन महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर भारतातून आलेल्याला इटलीत पाऊल टाकल्यापासून 8 कामकाजाच्या दिवसांत निवास-परवान्याचा अर्ज भरावा लागतो. अर्जाचं पाकीट पोस्टात मिळतं. त्याला 16 युरोंचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा, तो मिळतो ताबाक्केरीयात, म्हणजे बाहेर मोठा 'टी' टांगलेल्या सिगारेटच्या दुकानात. तिथे रांगेत कानावर पडलं: 'मी सेर्वे ऊना मार्का दा बोल्लो.' मला स्टॅम्प लागतो. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच म्हटलं आणि स्टॅम्प हातात पडला.

गंमत म्हणजे यातला 'मी' म्हणजे आपला 'मी' नव्हे, तर 'मला'. आणि क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, अगदी मराठीसारखं: एक फोटो लागतो, 'मी सेर्वे ऊना फोतो', चार फोटो लागतात, 'मी सेर्वोनो क्वात्त्रो फोतो'. इंग्रजीतल्या 'आय नीड'वरून इथे पोचायला मला उगाच वळसा पडत होता. मराठीतून थेट गेले आणि हे प्रकरण सुटलं.

'ची वुओले'सुद्धा असंच बसलं. कोणाला ते न सांगता नुसतं 'लागतं' म्हणायचं असेल तेव्हा हे. औषधाच्या दुकानात 'ची वुओले ला रिचेत्ता' ऐकलं की समजायचं, डॉक्टरांची चिठ्ठी लागणार, वाद घालू नका. दोन तास लागतात, तर 'ची वोल्योनो दूए ओरे'. सरकारी कचेरीत हे वाक्य फार कामाला येतं, बहुधा ऐकायला.

नंबराची चिठ्ठी घ्यावी लागते, प्रत जोडावी लागते, अशा सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टींसाठी 'बिझोन्या' आणि पुढे मूळ क्रियापद: 'बिझोन्या प्रेंदेरे इल नूमेरो'. स्वतःपुरतं 'जावं लागेल' म्हणायला 'देवो आंदारे'.

कॉफी मागताना मात्र यातलं काहीच नको. 'वोल्यो' म्हणजे 'हवंय' हे जरा हुकूम सोडल्यासारखं वाटतं, म्हणून 'वोरेई उन काफ्फे', म्हणजे 'एक कॉफी हवी होती'. 'ओ बिझोन्यो दी उन काफ्फे' परीक्षेच्या आदल्या रात्री वर्गमित्रांपाशी म्हणायचं.