कंपाउंडबाहेरचा बोअर

क्रोमियमची रसायनं बनवणारा एक कारखाना बंद पडला, मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, यंत्रं भंगारात विकली गेली. प्लॉटवर बँकेचा बोजा आहे. उरला तो गाळाचा ढीग. करडा-तपकिरी, उघड्यावर पडलेला, आणि उन्हाळ्यात त्यावर पिवळे क्षार फुटतात. सरकारी निधीतून तो साफ करायचा, तर आधी डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, लागतो. त्यातला भूजलाचा भाग माझ्याकडे होता.

प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे जुनं आहे. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तसा निकाल दिला. तरी 2011 मध्ये त्याच न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश पुन्हा काढावा लागला. तिथे निदान कंपन्या समोर होत्या. आमच्याकडे नोटीस बजावायलाही कोणी नाही. अशा जागा सरकारी पैशानेच साफ होणार, दुसरा मार्ग नाही.

संयुक्त पाहणीच्या दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, तहसील कार्यालयाची माणसं, बँकेचा प्रतिनिधी असे सगळे आले होते. सगळे ढिगाभोवती उभे राहून फोटो काढत होते. ढीग दिसतो, मोजता येतो, त्याचे टन निघतात, टनावर दर लावता येतो. घातक कचऱ्याच्या केंद्रापर्यंत किती टिपर लागतील, याचा हिशोब तिथेच सुरू झाला. भूजलाबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही.

मी कंपाउंडच्या पलीकडे, उताराच्या बाजूच्या शेतातला बोअर उपसत होते. बोअरचं पाणी थेट बाटलीत भरून चालत नाही. पाइपात साचलेलं पाणी आधी काढून टाकायचं, सामू आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत उपसा चालू ठेवायचा, मगच नमुना घ्यायचा. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात. सहा-संयुजी क्रोमियमच्या, म्हणजे त्याच्या विषारी रूपाच्या, बाटलीत मात्र एक थेंबही घालायचा नाही. आम्लात ते तीन-संयुजी होऊ शकतं, आणि मग विष असून अहवालात दिसत नाही. ही बाटली बर्फात ठेवून चोवीस तासांत लॅबमध्ये पोचवावी लागते. याच बोअरच्या आधीच्या एका अहवालात ‘आढळले नाही’ असा शेरा होता. त्या लॅबने दोन्ही बाटल्यांत आम्ल घातलं होतं, हे त्यांच्याच नोंदीत लिहिलेलं होतं. तो अहवाल तसाच पुढे मंजूर होत गेला, कारण ती नोंद कोणी वाचलीच नाही. मला याचा आजही संताप येतो.

पाणी बाटलीत उजेडाला धरलं तर फिकट पिवळं दिसत होतं. सहा-संयुजी क्रोमियम असेल तर रंग देणारं किटमधलं डायफिनाइल कार्बाझाइड घातलं आणि ते जांभळं झालं, तेही गडद. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. एवढा गडद रंग त्या मर्यादेच्या आसपास येत नाही.

आश्चर्य वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. इथे वर मुरूम, खाली भेगाळलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. क्रोमेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सहा-संयुजी क्रोमियम, अल्कधर्मी पाण्यात मातीला चिकटून राहत नाही, पाणी जाईल तिकडे जातं. आणि बेसाल्टमध्ये पाणी सांध्यांतून वाट काढतं, कंपाउंडची भिंत त्याच्या आड येत नाही.

शेताच्या मालकीण, वयस्कर बाई, शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, “ताई, आम्ही हे पीत न्हाई. पर गुरांना चालंल का?”

मी नको म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “मंग गुरांना पाणी कुटलं देऊ?” टँकरची मागणी करून देते, एवढंच मला सांगता आलं. पाहणीला आलेल्या तहसील कार्यालयाच्या माणसांनी ती लिहून घेतली.

मंडळाच्या अधिकाऱ्यांना रंग दाखवला. ते क्षणभर गप्प झाले, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, मंजुरी प्लॉटपुरती आहे. कंपाउंडबाहेरचं यात घातलंत तर अंदाजपत्रक वाढेल, फाइल खालून पुन्हा सुरू होईल. आणखी एक पावसाळा त्या ढिगावर पडेल. चालेल तुम्हाला?”

हा माणूस कामचुकार नाही, आणि त्याची भीती खोटी नाही. 2010 पासून कोळशावर उपकर लावून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा केला होता, त्यातून काही दूषित जागांच्या कामांनाही पैसे मिळाले. उपकर टनाला 50 रुपयांवरून 400 वर गेला. 2017 मध्ये जीएसटी आला, उपकर रद्द झाला आणि त्याच्या जागी आलेला पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. त्या काळात अडकलेल्या फाइली त्याने पाहिल्या आहेत.

पण फक्त ढीग उचलून भागत नाही. मुरुमात उतरलेलं क्रोमियम पावसागणिक पाण्यात येत राहतं. सहा-संयुजीचं तीन-संयुजी करणारं फेरस सल्फेट सोडून पाणी स्वच्छ केलं तरी काही महिन्यांनी आकडे पुन्हा चढू शकतात, म्हणून वर्षानुवर्षं बोअर तपासावे लागतात. या तपासणीला टन नाहीत, टिपर नाहीत, म्हणून अंदाजपत्रकात तिची ओळ सगळ्यात आधी कापली जाते. 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम आले. जबाबदार माणूस सापडत नसेल तिथे सरकारने खर्च उचलण्याची सोय त्यात आहे. माझ्या मते प्लॉटची हद्द आणि प्रदूषणाची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मंजुरीच्या टेबलावर मान्य झालं नाही, तर नव्या नियमांचाही पैसा ढिगावरच संपेल.

शेवटी मी डीपीआरची रक्कम वाढवली नाही. तो बोअर नकाशात दाखवला, त्याच्या क्रोमियमचा आकडा मजकुरातच लिहिला, आणि कंपाउंडबाहेरच्या भूजलासाठी वेगळा प्रस्ताव त्याच दिवशी जोडला. ढिगाचं काम मंजूर झालं. दुसऱ्या प्रस्तावावर ‘पहिल्या टप्प्यानंतर विचार करावा’ असा शेरा आहे. दोन्ही एकत्र धरून अडून बसायला हवं होतं, असं माझ्या एका सहकाऱ्याचं ठाम मत आहे. त्याला देण्यासारखं पक्कं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.