माही हळद खोटी नाही

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले एक काका हळकुंडांची पाच पाकिटं घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले, पाच पोत्यांतली. वायगाव हळद म्हणून दिलेला हा माल व्यापाऱ्यानं परत केला होता. वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या नावाची कायदेशीर ओळख, मिळालं. तिच्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, ६ टक्क्यांच्या आसपास हवं, यांच्यात ४च भरलं, म्हणजे तेलंगणातल्या निजामाबादचा माल मिसळलाय, असा आरोप. "मॅडम, वावर माहं, बेणं माह्या बापापासूनचं. मिसळू कशाले?"

आमच्या एचपीएलसीवरही, म्हणजे द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावरही, ४.१ टक्केच आलं. पण कर्क्युमिनवरून गाव ठरत नाही, हे मी येईल त्याला सांगते. हळद जास्त शिजली, उघड्या उन्हात जास्त पडली की ते घटतं. काकांची मुलगी त्या आठवड्यात दवाखान्यात होती. कढई चुलीवर तशीच राहिली होती.

मातीची खूण मात्र शिजवून जात नाही. खडकातलं रुबिडियम-८७ कोट्यवधी वर्षांत सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतं. निजामाबादकडचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आणि रुबिडियमनं भरलेला. आपल्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा, त्यात रुबिडियम कमी. म्हणून स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर तिकडे जास्त, इकडे कमी. मुळं मातीतून जे घेतात, तेच गुणोत्तर हळकुंडात उतरतं.

सालीवरची धूळ निकाल बिघडवते, म्हणून एकेक हळकुंड अतिशुद्ध पाण्यानं धुतलं, सिरॅमिकच्या सुरीनं सोललं. पोलादी सुरीचे धातू नमुन्यात उतरतात. आतला केशरी गाभा नायट्रिक आम्लात विरघळवला. हातमोजे घालूनही मनगट दोन दिवस पिवळं राहिलं. सोबत काकांच्या वावरातली माती आणि निजामाबादहून खात्रीनं आणलेली हळद. सगळं समस्थानिकं, म्हणजे स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ सारखी एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपं, मोजणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवलं.

अहवाल उघडला त्या सकाळी मी चहा तसाच ठेवला. पाचही नमुने काकांच्या मातीला लागून होते, निजामाबादचा एकटा पार वर.

बेसाल्ट महाराष्ट्राच्या बहुतेक भागात पसरलाय, त्यामुळे "वायगावचीच" असं मला लिहिता आलं नाही. ती मर्यादा मला सलते. "निजामाबादच्या मिसळीची खूण आढळली नाही", एवढं ठामपणे लिहिलं.

काकांनी फोनवर ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "हे मराठीत लिहून द्या ना, त्याले दाखवतो." त्याच दुपारी सही-शिक्क्यानिशी दिलं.