एलिझाबेथ मे यांची मतं आणि प्रश्न: शीट कुठवर आलंय

मंडळी, कॅनडाच्या खासदार एलिझाबेथ मे यांनी सभागृहात दिलेली मतं आणि विचारलेले प्रश्न मी एका शीटमध्ये नोंदवतोय, त्याचं अपडेट देतो. मे बाईंची पहिली टर्म, म्हणजे २०११ ते २०१५, मतदानापुरती भरून झालीय, चालू ४५ व्या पार्लमेंटचं जसं होईल तसं टाकतोय, मधली वर्षं अर्धवट आहेत. नवीन लोकांसाठी: बाई ब्रिटिश कोलंबियातल्या सॅनिच-गल्फ आयलंड्सच्या खासदार, कॅनडात ग्रीन पार्टीकडून निवडून आलेल्या पहिल्या, आणि २०२५ च्या निवडणुकीनंतर ३४३ जणांच्या सभागृहात पक्षाच्या परत एकट्याच. मी त्यांनाच धरलं कारण वर कुणी व्हिप नाही, हो असो की नाही, मत त्यांचं स्वतःचं. मोठ्या पक्षाचा खासदार घेतला तर पानंच्या पानं पक्षाच्याच रांगेत, बघायला काही उरत नाही.

आणि सुरुवातच कसली भारी आहे बघा. १४ जून २०११, लिबियातली लष्करी मोहीम वाढवायचा ठराव, २९४ विरुद्ध १. तो १ म्हणजे बाई, निवडून येऊन जेमतेम सहा आठवडे झालेले, आणि एनडीपीसुद्धा (डावीकडची न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) तेव्हा हो म्हणाली होती.

मग जून २०१२, सी-३८, ते जाडजूड बजेट बिल. ८७१ दुरुस्त्या आल्या, त्यात शेकडो बाईंच्या, स्पीकरनी गठ्ठे बांधून मतदानाला घेतल्या आणि खासदार रात्रभर उठतायत बसतायत, शेवटी एकही दुरुस्ती पास नाही. हे मतदान मी वेगळ्या टॅबमध्ये टाकलंय, कारण एकाच बिलाच्या एवढ्या ओळी मेन शीटमध्ये घेतल्या तर बाई आणि एनडीपी यांचं जुळणीचं टक्केवारीचं गणित उगाच फुगतं. दुरुस्त्या थेट सभागृहात का आणल्या तर कमिटीत जागाच नाही, १२ खासदारांच्या खाली पक्षाला अधिकृत दर्जा मिळत नाही. २०१३ मध्ये कॉन्झर्वेटिव्ह बहुमताने तीही वाट बंद केली, कमिट्यांनी ठराव करून टाकले की अपक्षांनी आणि छोट्या पक्षांनी दुरुस्त्या कमिटीतच द्यायच्या, मत मात्र द्यायचं नाही. चलाखी म्हणायची की काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता प्रश्नांचा कॉलम, यात खरा वेळ जातोय. क्वेश्चन पीरियड, म्हणजे तोंडी प्रश्नोत्तरांचा वेळ, रोज ४५ मिनिटं, प्रश्नाला ३५ सेकंद, उत्तराला ३५, आणि बाईंचा नंबर लागला तर बहुतेक अगदी शेवटाला. लेखी प्रश्न एका वेळी फक्त चार लावता येतात, ४५ दिवसांत उत्तर मागता येतं, नाही आलं तर प्रकरण कमिटीकडे जातं. आपल्या विधानसभेसारखे तारांकित प्रश्न तिथेही आहेत बरं का, चांदणी लावली की तोंडी उत्तर.

सुरुवातीला मी मतं आणि प्रश्न वेगवेगळे ठेवले होते पण आता तारखेने एकत्र जोडतोय, कारण १७ नोव्हेंबर २०२५. पंतप्रधान मार्क कार्नींच्या लिबरल सरकारच्या बजेटवर मत होतं, बाई आधी सांगत होत्या की आहे तसं बजेट असेल तर जमणार नाही, मग त्या दिवशी क्वेश्चन पीरियडमध्ये त्यांनी पॅरिस हवामान कराराच्या टार्गेट्सबद्दल विचारलं, पंतप्रधानांनी सभागृहात ती पाळणार म्हणून सांगितलं, आणि संध्याकाळी बाईंचं मत हो. नुसतं मतांचं शीट उघडलं तर हा हो कुठून आला ते कळणारच नाही.

निकाल १७० विरुद्ध १६८. हे फोडून बघा, मजा आहे. लिबरल १७०, त्यातले एक स्पीकर, म्हणजे १६९, अधिक बाई. समोर कॉन्झर्वेटिव्ह १४१, ब्लॉक (क्युबेकचा पक्ष, ब्लॉक केबेक्वा) २२, एनडीपी ५. बाकी दोन कॉन्झर्वेटिव्ह आणि दोन एनडीपीवाले मतदानातच नव्हते. बाई नाही म्हणाल्या असत्या तर १६९-१६९ आणि मत स्पीकरकडे, जसं १९ मे २००५ ला १५२-१५२ झालं आणि तेव्हाचे स्पीकर पीटर मिलिकेन यांना सरकारच्या बाजूने मत टाकावं लागलं. आणि तो १७० वा लिबरल कोण, तर दोनच आठवड्यांपूर्वी कॉन्झर्वेटिव्हांतून उडी मारून आलेले क्रिस द'आंत्रेमॉन. तिकडे पक्षांतरबंदी नाही, खुर्ची जागच्या जागी राहते, हे आपल्याकडच्या लोकांना दोनदा सांगावं लागतं.

त्याच महिन्यात २७ तारखेला कार्नींचा अल्बर्टा प्रांताबरोबर करार झाला, तेलाची पाइपलाइन वगैरे, मंत्री स्टीव्हन गिल्बो मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि बाईंनीही तो हो दिल्याचा पस्तावा बोलून दाखवला. म्हणून शीटमध्ये ‘नंतर काय म्हणाल्या’ असा तिसरा कॉलम टाकलाय. बहुतेक ओळींत तो रिकामाच राहणार, चालेल.

पुढे लाइम रोगाच्या (गोचीड चावून होतो तो) बाईंच्या बिलाचा, सी-४४२ चा प्रवास भरायचाय, ते २०१४ च्या डिसेंबरात कायदा झालं, विरोधी बाकावरून एकट्या खासदाराचं बिल पास होणं दुर्मिळच. मग पिटिशन. आणि २०२५ च्या निवडणुकीत एनडीपीपण ७ वर आली, म्हणजे १२ च्या खालीच, त्यामुळे हाच टेम्प्लेट त्यांनाही चालेल. त्यांचे खासदार डॉन डेव्हिस कुणी घेतंय का? सभागृहाच्या साइटवरून मतांच्या सीएसव्ही फाइली (साध्या तक्त्याच्या) उतरवून साफ करायची स्क्रिप्ट माझ्याकडे आहे, देतो.